आडवी रेघ

अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, शके १७८६ (सन १८६४)

केशवदादा, तुझ्या मनकर्णेचा नमस्कार.

तुझी अकोल्याची खुशाली गाडीवान वलीभाईंकडून कळली. साहेबाच्या रेल्वे-मोजणीत तुला कारकुनी मिळाली हे ऐकून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आमच्याकडे सध्या माणसांपेक्षा कापूस जास्त आहे. ओसरी भरली, माजघर भरलं, आता ढीग देवघराच्या उंबऱ्याशी आलाय. तिकडे अमेरिकेत लढाई चालली आहे, म्हणून विलायतेला आपलाच कापूस लागतो म्हणे. मामाजी सगळ्यांना सांगतात की कापूस जितका स्वच्छ तितका भाव चढा. म्हणून आम्ही बायका दिवसभर बसून त्यातला पाला-कचरा वेचतो. दुपारी स्वयंपाक, आणि पुन्हा तेच.

एक विचारायचं होतं. शेजारी दुर्गाबाई म्हणून आहे, माझ्याच वयाची. तिला हल्ली नीट दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण दिव्याच्या ज्योतीला वर-खाली शेपट्या फुटल्यासारख्या दिसतात. चंद्र एकावर एक असे दोन दिसतात. वेचायला बसलं की कपाळ ठणकतं आणि संध्याकाळी मळमळतं. तिनं घरात सांगितलेलं नाही. तिला मूलबाळ नाही अजून, त्यात आंधळी होते आहे असं कळलं तर दुसरी आणतील, अशी तिला धास्ती आहे. तुझ्या साहेब लोकांत कुणी डोळ्यांचं जाणतं असेल तर विचारशील का? माणूस असा हळूहळू आंधळा होतो का, एवढंच तिला कळायला हवं.

पत्र बाळबोधच लिही. मोडी मला लागत नाही.

तुझी मनकर्णा


अकोला
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

सौ. मनकर्णेस केशवदादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला मला अर्धी सकाळ लागली. ऋद्धपूरला बाबांनी तुला पोथी शिकवली तेव्हा तुझं अक्षर माझ्यापेक्षा सुबक होतं, हे गावाला ठाऊक आहे. आता काय झालं? अक्षरांचे उभे दंड सरळ आहेत, पण वरची आडवी रेघ कुठेतरी हवेत तरंगते. काही ओळींवर तर दोनदा ओढली आहेस. कापसाच्या ढिगावर कागद ठेवून लिहितेस की काय? घाई असली तरी अक्षराची अशी दैना करू नये.

दुर्गाबाईचं म्हणशील तर बायकांना चुलीच्या धुरानं असं होतंच. आई करायची ते तिला सांग. रात्री त्रिफळा भिजत घालावा, सकाळी ते पाणी फडक्यातून दोनदा गाळून त्यानं डोळे धुवावेत. शेवग्याचा पाला, चवळीची भाजी जेवणात असावी. धुरात बसू नये, अंधारात बारीक काम करू नये. महिनाभरात उतार पडेल. साहेबाला असल्या गोष्टी विचारण्याइतकी माझी ओळख नाही अजून.

मोर्णा नदीच्या काठी आमचा तंबू आहे. गार वारा सुटतो आणि मला दिवसाआड थंडीताप येतो, पण काळजी नको. तुझ्या यजमानांना, उत्तमरावांना, माझा नमस्कार सांग.

केशव


अमरावती
पौष शुद्ध प्रतिपदा

दादा,

शेजारी दुर्गाबाई कुणी नाही. ती मीच.

तुला आधीच सांगायला हवं होतं, पण ते पत्र चुकून इतर कुणी वाचलं तर, या भीतीनं दुसऱ्याचं नाव घातलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. घरात सगळ्यांना कळलं आहे.

परवा दिवेलागणीला माजघरात कंदील टांगायला गेले. छताखाली आडवा बांबू आहे, त्याला आकडा अडकवायचा. मला बांबू दिसला तिथे मी आकडा ठेवला आणि हात सोडला. तिथे बांबू नव्हताच, दादा. तो चार बोटं खाली होता. कंदील कापसावर पडला, काच फुटली, तेल सांडलं, आणि पांढऱ्या ढिगावर पिवळी रेघ सरसर धावत गेली. मी नुसती उभी राहिले. ह्यांनी घोंगडी टाकली, मामाजींनी रांजण उपडा केला. विझलं. सासूबाईंच्या पायाला चटका बसला. एक घडी उशीर झाला असता तर घरही गेलं असतं आणि आम्हीही.

मग विचारपूस झाली आणि मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मामाजी ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते घाबरले, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाच्या परकोटाबाहेर उतरलेल्या सुईवाल्याला बोलावलं. तो गावोगाव फिरून मोतीबिंदू उतरवतो. डोळ्यात सुई घालून पडदा खाली ढकलतो म्हणे. त्यानं माझी पापणी वर करून पाहिलं आणि म्हणाला, बाईचा मोती कोवळा आहे, पिकायच्या आत उतरवला तर बरं.

मी रडले, पाय धरले. तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यात खरंच मोती आहे, तो तर आपल्यालाही पांढरा दिसतो. त्या म्हणाल्या, "पोरगी भेली हाये. आंधी माह्या डोयात घाला सुई. मले काई झालं नाही तं तिचं भेव जाईन."

म्हणजे माझ्यासाठी त्या आधी बसणार आहेत. दादा, काय करू ते लवकर सांग. वलीभाई उद्या गाड्या घेऊन निघतात.

मनकर्णा


अकोला
पौष शुद्ध सप्तमी

मनकर्णे, हे पत्र वलीभाईंच्या हाती देतो आहे. रिकाम्या गाड्या मागे ठेवून ते एकटे पुढे येतील असा त्यांनी शब्द दिला आहे. मी स्वतः निघणार होतो, पण काल तापात गाडीत बसलो आणि नदी ओलांडायच्या आत लोकांनी मला उचलून परत आणलं.

डोळ्याला सुई लावू देऊ नकोस. हे आधी वाच, बाकी नंतर.

तुझं पत्र आल्यावर मी पहिलं पत्र पुन्हा काढलं आणि त्या आडव्या रेघांकडे पाहत बसलो. मला शरम वाटली. मग सगळी भीड सोडून साहेबाकडे गेलो. तो नकाशे काढतो. त्याच्याकडे एक चष्मा आहे, तो इतरांच्या चष्म्यासारखा नाही. त्याची काच गोल फिरवली तर पलीकडची रेघ वाकडी होते. तो चष्मा कशासाठी, असं मी त्याला विचारलं, आणि तुझी सगळी हकिकत सांगितली. तो हसला नाही. त्यानं मला बसवून घेतलं.

तो म्हणाला ते मला समजलं तसं लिहितो. बुबुळावरची पारदर्शक काच चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोल हवी. काहींची जन्मतःच एका अंगानं जास्त वाकलेली असते, जशी लांबट चमच्याची पाठ. मग उभ्या रेघा एका जागी जुळतात आणि आडव्या दुसऱ्या जागी, आणि एका वेळी दोन्ही स्वच्छ दिसत नाहीत. त्याच्या स्वतःच्या डोळ्यात हाच दोष आहे. त्याला लहानपणी वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. तुलाही तसंच वाटलं असेल. दिवसभर बारीक वेचायला लागलीस तेव्हा डोळ्यांवर ताण आला आणि डोकं दुखायला लागलं. हा मोतीबिंदू नव्हे. यानं माणूस आंधळा होत नाही. आणि यात सुईनं ढकलण्यासारखं काही नाहीच, मनकर्णे. सुई गेली तर चांगल्या डोळ्यात जाईल.

मी आईचा त्रिफळा आणि शेवग्याचा पाला त्याला सांगितला. तो म्हणाला, स्वच्छ पाणी, पालेभाजी, उजेडात काम आणि मधूनमधून लांबवर पाहून डोळ्यांना विसावा, यानं डोळा निरोगी राहतो आणि दुखणं कमी होतं. ते जरूर कर. पण डोळ्याचा आकार त्यानं बदलत नाही. त्याला काचच लागते. आणि त्रिफळ्याचं पाणीही उकळून, गार करून, स्वच्छ असेल तरच. चुना, मध, काजळ डोळ्यात काही घालू नकोस.

तुझ्या घरच्यांना पटावं म्हणून दोन गोष्टी कर. सोबतच्या कागदावर साहेबानं चाक काढलं आहे, सगळे आरे सारखे काळे. तुला कोणते आरे काळे दिसतात आणि कोणते पुसट, ते सांग. मग कागद आडवा फिरवा आणि पुन्हा सांग. दुसरं, पळसाच्या पानाला बाभळीच्या काट्यानं एक बारीक भोक पाड आणि त्यातून एका डोळ्यानं पाहा. साहेब म्हणाला, दोष आकाराचा असेल तर भोकातून रेघ स्वच्छ दिसेल.

तुझ्या सासूबाईंना, पार्बताबाईंनाही थांबव. त्यांचा मोती खरा आहे, पण हा फिरता माणूस कोण, कुठला? अमरावतीच्या छावणीत सरकारी डॉक्टर आहे.

केशव


अमरावती
पौष शुद्ध नवमी

दादा, तुझं काहीच उत्तर नाही. तुला बरं नाही का?

इकडे सगळं घर आनंदात आहे. सासूबाईंचा डोळा सुईवाल्यानं केला. अंगणात उन्हात बसवून, मागून डोकं धरून. मी आत भिंतीकडे तोंड करून उभी होते. त्यांनी आवाज केला नाही. नंतर त्यानं बोटं पुढे धरली आणि त्यांना ती दिसली. किती वर्षांनी त्यांनी उजव्या डोळ्यानं बोटं पाहिली. मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुईवाल्याला शेला दिला. आता डोळ्यावर पट्टी आहे, पण त्या म्हणतात, ठीक आहे, दुखत नाही.

माझ्याकडे आता नाही म्हणायला काही राहिलं नाही. येत्या पौर्णिमेला माझं ठरलं. ह्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "आईले दिसलं ना? मंग तुले काहून भेव वाटते?" त्यांचं तरी काय चुकतं? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पण दादा, मी एक गोष्ट पाहिली. त्यानं सुई धोतराच्या सोग्याला पुसली आणि डबीत ठेवली. तीच सुई.

मी जेवते, वेचते, आणि दिवस जातो. या डोळ्यांनी जे काही पुसट दिसतं ते पाहून ठेवते आहे. आंबादेवीच्या देवळात गेले आणि कळसाकडे खूप वेळ पाहिलं. कळस दोन दिसले. दोनही पाहून घेतले.

मनकर्णा


अमरावती
पौष वद्य तृतीया

दादा,

माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

पौर्णिमेला सकाळी अंगणात पाट मांडला. सुईवाला येऊन बसला. शेजारपाजारचे लोक जमले, कारण सासूबाईंच्या डोळ्याची बातमी पेठेत पसरली होती. मला न्हाऊ घालून आणलं. एवढ्यात दारात वलीभाई आले, धुळीनं माखलेले. मूर्तिजापूरला त्यांच्या एका बैलाच्या पायाला इजा झाली म्हणून तिथे अडकले, शेवटी दुसऱ्याच्या गाडीवर बसून आले. त्यांनी पत्र ह्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "भाऊनं सांगितलं, पयले हे वाचा, मंग बाकीचं."

ह्यांनी मोठ्यानं वाचलं. मामाजी ऐकत होते, पण त्यांचा चेहरा बदलला नाही. साहेबाला काय कळतं आपल्या माणसाच्या डोळ्याचं, असं सुईवाला म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या. मग ह्यांनी तो चाकाचा कागद माझ्यासमोर धरला. मी सांगितलं, वरचा-खालचा आरा काळा, बाजूचे दोन धुक्यात गेल्यासारखे. ह्यांनी कागद फिरवला. आता पूर्वीचे काळे पुसट झाले आणि पुसट होते ते काळे. ह्यांनी पुन्हा फिरवला, पाठीमागे नेऊन फिरवला, मला फसवायला पाहिलं. माझं उत्तर तेच. मग वलीभाईंनीच पळसाचं पान आणि काटा आणून दिला. मी भोकातून पाहिलं.

दादा, उघड्या दारातून माजघरातला तो आडवा बांबू मला दिसला. एक. काळा, सरळ, जिथे आहे तिथे. मी तसं मोठ्यानं सांगितलं.

ह्यांना पटलं. मामाजींना नाही. ते म्हणाले, पानातून पाहून काय जन्म काढायचा आहे? हिच्या सासूला या माणसानं डोळा दिला, सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, रागानं नाही, मायेनं, आणि पाटावर बसवलं. सुईवाल्यानं डबी उघडली.

तेव्हा सासूबाई आतून आल्या. भिंत धरत, अगदी हळू. त्या दोन दिवस अंथरुणावरून उठल्या नव्हत्या आणि आम्ही समजत होतो की सुईवाल्यानं पडून राहायला सांगितलंय म्हणून. त्यांनी अंगणात सगळ्यांसमोर डोळ्यावरची पट्टी ओढून काढली.

मी जे पाहिलं ते लिहवत नाही. डोळा नव्हताच तो. सुजलेला, लाल, आणि त्यातून पू वाहत होता. गालापर्यंत सूज उतरली होती.

त्या मामाजींना म्हणाल्या, "आंधी याच्याकडं पाहा. मंग पोरीले बसवा."

मामाजी म्हणाले, तू तर दुखत नाही म्हणून राहिली होती. त्या म्हणाल्या, "तुमी सारे एवढे खुश होते. अन् मी रडली असती तं पोरगी भेली असती. मले वाटलं, दुखनं थांबन. थांबलं नाही."

आणि तिथेच खाली बसल्या.

सुईवाला डबी घेऊन केव्हा गेला कुणाला कळलं नाही. लोकही गेले. मामाजींनी स्वतः गाडी जुंपली आणि सासूबाईंना छावणीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, हा डोळा गेला. आता विष दुसऱ्या डोळ्यात आणि डोक्यात जाऊ नये एवढंच पाहायचं. ताप आहे. मी त्यांच्याजवळ बसून हे लिहिते आहे. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे पाणी उकळते, फडकी उकळते, डोळा पुसते. मला भोकाच्या पानाशिवाय धड दिसत नाही, तरी हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

तुझी मनकर्णा


अकोला
पौष वद्य एकादशी

मनकर्णे,

तुझं पत्र वाचून मी तंबूबाहेर जाऊन बसलो. तुझे डोळे वाचले म्हणून आनंद मानू, तर लगेच पार्बताबाई समोर उभ्या राहतात. माझं पत्र दोन दिवस आधी पोचलं असतं तरी त्यांच्या बाबतीत उशीरच झाला होता, हे मला कळतं. तरी मन ऐकत नाही.

ताप उतरला की मी येतो. साहेब आपला जुना चष्मा देतो आहे, तुझ्यासमोर काच फिरवून पाहायची आणि ज्या जागी रेघ स्वच्छ दिसेल तिथे खूण करायची. मग त्या खुणेप्रमाणे काच घडवायला मुंबईहून विलायतेला लिहायचं. वेळ लागेल. तोवर बारीक काम करू नकोस, आणि कंदिलाला हात लावू नकोस.

पार्बताबाईंच्या पायांना माझा नमस्कार सांग.

केशव


अमरावती
ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १७८७

दादा,

चष्मा पोचला. तू माघात येऊन खूण केलीस तेव्हा मला वाटलं होतं, ही नुसती समजूत काढणं आहे. ह्यांनी पुडी सोडली आणि माझ्या कानांवर तार अडकवली. मी आधी हातातल्या पोथीकडे पाहिलं. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ होती, एकच, दंडाला टेकलेली. मी ती बोटानं चाचपून पाहिली.

पेठेतल्या बायका दारातून डोकावून जातात. चष्मेवाली बाई त्यांनी कधी पाहिलेली नाही. एकीनं विचारलं, साहेबीण झाली का गं? मी हसले. आता अमेरिकेतली लढाई संपली, कापसाला कुणी विचारत नाही, घर रिकामं झालं आहे. माजघरात पुन्हा माणसं बसतात. मामाजी फारसे बोलत नाहीत. पण शेवग्याचा पाला रोज तेच तोडून आणतात.

ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते आता सांगते.

सासूबाईंनी काल मला जवळ बोलावलं. त्यांच्या त्या डोळ्याची जखम भरून आली आहे. दुखत नाही. त्या म्हणाल्या, "आता तुले साफ दिसते ना? मंग सांग, कसा दिसते माहा डोया?"

घरातले सगळे त्यांना सांगतात की बरा आहे, फारसं कळत नाही. मीही चष्मा येईपर्यंत तसंच म्हणायचे, कारण मला पुसटच दिसायचं. काल पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. मी म्हणाले, पांढरा झाला आहे, आत ओढला गेला आहे. त्यांनी त्या डोळ्यावर तळहात धरला. मग म्हणाल्या, "अन् हा दुसरा?"

मी दुसऱ्यात पाहिलं. काळ्या बाहुलीत खालच्या अंगाला, दुधाचा थेंब पाण्यात पसरतो तसं पांढुरकं आलं आहे. चष्म्याशिवाय मला ते कधीच दिसलं नसतं. वाटलं, नाही म्हणून टाकावं. पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि मी पुन्हा वाकून पाहिलं तेव्हाच त्यांना कळलं होतं.

मी सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. पण त्यांची बोटं इतकी घट्ट झाली की माझ्या बांगडीचा वळ उठला. छावणीतल्या डॉक्टरनं मागेच सांगितलं होतं की दुसऱ्यात मोती पिकला तर तो कापून बाहेर काढता येईल, सुईनं ढकलून नव्हे. तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले होते. काल मात्र त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरकडं जाईन मी. पन तू माह्याजवळ बसजो. तो काय करते, सुई कशानं पुसते, सारं पाहजो. तू पाहत असली तं मी बसून राहीन."

मी हो म्हणाले. अंगणातला तो पाट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्यासमोर पुन्हा कुणी त्यांचं डोकं धरेल, आणि या वेळी मला भिंतीकडे तोंड करता येणार नाही. सगळं स्वच्छ दिसेल.

भाद्रपदात, पाऊस ओसरला की जायचं ठरलं आहे. मी जाणार आहे, दादा. तू येशील का?

मनकर्णा